मोजणी : ऑनलाइन गोच्या डावाचा शेवट समजावून सांगणाऱ्या प्रोग्रामच्या नोंदी

५ जानेवारी

प्रकल्प कशासाठी ते आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे फाटे फुटले तर इथे येऊन बघता येईल.

ऑनलाइन गो शिकवताना एक गोष्ट सतत दिसते (गो म्हणजे काळे-पांढरे स्टोन रेघांच्या छेदांवर, म्हणजे घरांवर, ठेवून जास्त जागा घेरायचा दोघांचा खेळ; घेरलेली जागा ती टेरिटरी). नवीन माणूस ओपनिंगला फारसा अडत नाही, मारामारी तर मजेत खेळतो, आणि डाव संपत आला की गडबडतो. पास कधी करायचं, म्हणजे चाल कधी सोडायची, कुठले स्टोन मेलेले धरायचे, समोरच्याने माझा जिवंत गट मेलेला म्हणून मार्क केला तर काय करायचं, आणि सर्व्हर म्हणतोय पांढरा साडेसहाने जिंकला तर हे साडेसहा आले कुठून. समोरासमोर बसून खेळताना दोघं बोट दाखवून ठरवतात, हे गेलं, हे राहिलं, आणि विषय संपतो. सर्व्हरवर समोरचा अनोळखी, कदाचित भाषाही वेगळी, आणि स्क्रीनवर फक्त एक बटण, निकाल मान्य आहे का.

तर प्रोग्राम असा करायचाय की डावाची फाइल द्यायची, आणि त्याने प्रत्येक गटाबद्दल सांगायचं की जिवंत की मेलेला आणि का, मग जपानी आणि चिनी दोन्ही पद्धतीने हिशोब मांडून दाखवायचा. "का" हा शब्द महत्त्वाचा. नुसता आकडा सगळेच सर्व्हर देतात. नाव ठेवलंय मोजणी.

६ जानेवारी

आज फाइल वाचायचं काम. बहुतेक सर्व्हरवरून डाव एसजीएफमध्ये उतरवता येतो, साधी टेक्स्ट फाइल असते, कोणत्याही एडिटरमध्ये उघडते. बोर्डाचा आकार, कोमी (काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला मिळणारे गुण), हँडिकॅप (कच्च्या खेळाडूला आधीच दिलेले स्टोन), नियम, निकाल हे सगळं वर असतं आणि खाली एकामागोमाग चाली.

दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवायच्या. एक, एसजीएफ वरच्या डाव्या कोपऱ्यापासून मोजतं, आधी कॉलम मग ओळ, दोन्ही अक्षरांत. आपण बोलताना वापरतो ते (आणि इंजिनशी, म्हणजे गो खेळणाऱ्या प्रोग्रामशी, बोलायचा जीटीपी प्रोटोकॉलही) ओळी खालून मोजतो आणि आय हे अक्षर गाळतो. म्हणून बदलाबदल एकाच फंक्शनमध्ये ठेवली, बाकी कोडमध्ये अक्षरं येऊच द्यायची नाहीत, फक्त आकडे.

दुसरी गोष्ट पास. नव्या फाइलींत पास म्हणजे रिकामी चाल, जुन्या पद्धतीत टीटी लिहिलेलं असतं, जे १९ च्या बोर्डावर बोर्डाच्या बाहेर पडतं. दोन्ही स्वीकारायचे. मोजणीच्या दृष्टीने पास ही महत्त्वाची चाल आहे, ती गाळून चालणार नाही, कारण पुढे येईलच.

९ जानेवारी

स्टोन उचलायचा कोड झाला. क्रम असा, चाल ठेवायची, आधी समोरच्याच्या शेजारच्या साखळ्या (एकमेकांना टेकलेले एका रंगाचे स्टोन) बघायच्या, ज्यांची लिबर्टी, म्हणजे टेकलेली रिकामी घरं, शून्य त्या उचलायच्या, आणि मग स्वतःच्या साखळीला लिबर्टी उरली का ते बघायचं. उरली नाही तर आत्महत्या. जपानी आणि चिनी दोन्हीकडे ती बंद आहे, न्यूझीलंडच्या आणि ट्रॉम्प-टेलर नियमांत एकापेक्षा जास्त स्टोनची आत्महत्या चालते, म्हणून तो एक स्विच ठेवला.

आता हा कोड बरोबर आहे हे कसं समजायचं? इथे संगणकशास्त्रज्ञ जॉन ट्रॉम्प यांचं काम कामी आलं आणि मला ते फार सुंदर वाटतं. बोर्डावरच्या वैध स्थिती किती, म्हणजे प्रत्येक साखळीला निदान एक लिबर्टी आहे अशा मांडण्या किती, हे त्यांनी मोजलंय. छोट्या बोर्डांचे आकडे तपासणीला वापरता येतात. २×२ वर एकूण मांडण्या ८१ आणि वैध ५७, हे तर कागदावरही येतं. चारही घरं भरलेल्या १६ मांडण्यांमध्ये कुणालाच लिबर्टी नाही, त्या गेल्या. एक घर रिकामं असेल तर त्याच्या कर्णातल्या स्टोनचे दोन्ही शेजारी विरुद्ध रंगाचे असले की तो गुदमरतो, अशा ८. ८१ मधून २४ गेले, उरले ५७. ३×३ वर १९,६८३ पैकी १२,६७५. ४×४ वर ४,३०,४६,७२१ पैकी २,४३,१८,१६५.

तिन्ही आकडे माझ्या कोडमधून तंतोतंत आले. ४×४ ला थोडा वेळ लागला पण आकडा जुळला तेव्हा जो आनंद झाला तो एखादा अवघड डाव जिंकल्यासारखाच. १९×१९ चा पूर्ण आकडा ट्रॉम्प यांनी जानेवारी २०१६ मध्ये काढला, तो १७१ अंकी आहे. गो किती मोठा खेळ आहे हे सांगायला लोक नेहमी मोठमोठे आकडे फेकतात, पण हा आकडा अंदाज नाही, शेवटच्या अंकापर्यंत मोजलेला आहे.

११ जानेवारी

को. साधा को सोपा, आत्ताच घेतलेला एकटा स्टोन लगेच परत घ्यायचा नाही. पण त्याच स्थितीत फिरून यायचे याहून लांब रस्ते असतात, तिहेरी को वगैरे. जपानी नियमांत असं झालं आणि दोघांनी मान्य केलं तर डाव अनिर्णित. सुपरको असलेल्या नियमांत जुनी स्थिती परत आणायलाच बंदी.

त्यासाठी झोब्रिस्ट हॅशिंग घातलं, अल्बर्ट झोब्रिस्ट यांची १९७० ची युक्ती. प्रत्येक घर आणि रंगाच्या जोडीला एक ६४ बिटचा रँडम आकडा, स्टोन आला की एक्सऑर (दोनदा केली की मूळ आकडा परत देणारी बिटांची क्रिया), गेला की परत एक्सऑर. पूर्ण बोर्डाची ओळख एका आकड्यात येते आणि जुन्या आकड्यांच्या संचात आहे का एवढंच बघायचं. पटकन झालं.

१४ जानेवारी

आज प्रत्यक्ष मोजणी, आणि हा भाग मला सगळ्यात जास्त समजावून सांगायचाय कारण यावरून फार गैरसमज आहेत.

जपानी पद्धत, म्हणजे घेरलेली रिकामी घरं अधिक पकडलेले स्टोन. चिनी पद्धत, म्हणजे घेरलेली घरं अधिक बोर्डावर जिवंत असलेले आपले स्टोन, पकडलेल्यांना किंमत नाही. ऐकायला दोन वेगळे खेळ वाटतात. पण बोर्डावर आहेत ते स्टोन म्हणजे आपण खेळलेले वजा समोरच्याने उचललेले. हे मांडून वजाबाकी केली की दिसतं की दोन पद्धतींतला फरक म्हणजे दोघांनी खेळलेल्या स्टोनमधला फरक, बस. आणि चाली आलटून पालटून असतात, त्यामुळे तो शून्य नाहीतर एक. कुणी मध्येच पास केलं असेल तर फरक वाढतो, म्हणून पास गाळायचा नाही म्हटलं होतं. (सेकी, म्हणजे दोन गट एकमेकांना मारू शकत नाहीत म्हणून दोघं जगतात ती स्थिती, त्यात अडकलेली घरं हा वेगळा विषय, तो पुढे.)

यावरूनच नवीन खेळाडूच्या सगळ्यात मोठ्या भीतीचं उत्तर मिळतं. "त्याचे स्टोन मेलेत पण मी उचलले नाहीत तर ते जिवंत धरतील का, आणि उचलायला गेलो तर माझे गुण जातील का." चिनी पद्धतीत आपल्या टेरिटरीत चाल केली तर काहीच जात नाही, घर गेलं पण स्टोन आला. जपानी पद्धतीत एक गुण जातो, पण समोरचा माझ्या टेरिटरीत चाली करतोय आणि मी प्रत्येकाला उत्तर देतेय तर त्याचा एक स्टोन माझा कैदी होतो, माझं एक घर कमी होतं, हिशोब तिथेच राहतो. उत्तर द्यायची गरज नसताना दिलं नाही तर उलट मला एक गुण फायदा. हे वाक्य प्रोग्रामच्या मदतीच्या पानावर अगदी वर टाकणार आहे.

कोमीचं पण एक आहे. चिनी पद्धतीत सेकी नसेल तर काळ्याची आणि पांढऱ्याची बेरीज ३६१, म्हणजे विषम, म्हणजे दोघांतला फरकही विषमच. त्यामुळे ५.५ आणि ६.५ कोमीत निकाल एकच, काळ्याला दोन्हीकडे ७ ची आघाडी पुरते. ७.५ केलं तर ९ लागते. चिनी नियमांत ७.५ आणि जपानीत ६.५ कोमी का दिसते ते यातून बरंच कळतं.

तपासायला डाव घेतला तो चिनी व्यावसायिक खेळाडू के जिए आणि डीपमाइंडचा प्रोग्राम अल्फागो यांचा, २३ मे २०१७, वुझेनमधला पहिला. पांढऱ्या अल्फागोने अर्ध्या गुणाने जिंकलेला, चिनी नियम, कोमी ७.५. म्हणजे काळा बोर्डावर ७ ने पुढे असला पाहिजे, ३६१ ची वाटणी १८४ आणि १७७. प्रोग्रामने तेच दिलं. तपासणीला असे डाव शोधावे लागतात, कारण वरच्या पातळीवर बरेच डाव मोजणीपर्यंत जातच नाहीत. मार्च २०१६ मध्ये कोरियाचे ली सेडॉल आणि अल्फागो पाच डाव खेळले, पाचही राजीनाम्याने संपले.

१६ जानेवारी

सर्व्हरवरून उतरवलेले हँडिकॅपचे डाव लावून बघितले. चिनी नियमांच्या डावांत निकाल ठराविक गुणांनी वेगळा येत होता आणि तो वेगळेपणा बरोबर हँडिकॅपच्या स्टोनइतका होता. कारण सरळ आहे, चिनी मोजणीत बोर्डावरचा स्टोन हाच गुण आहे, म्हणून काळ्याला फुकट मिळालेल्या स्टोनची भरपाई पांढऱ्याला देतात. चार स्टोनचा हँडिकॅप असेल तर पांढऱ्याला चार गुण. अमेरिकन असोसिएशनच्या एजीए नियमांत एक कमी, म्हणजे चारला तीन. जपानीत काहीच नाही. नियमांच्या टेबलात कॉलम वाढवला, आणि निकालाच्या ओळीत आता कोमी वेगळी आणि भरपाई वेगळी दाखवतो.

एजीएचा पास-स्टोनही घातला. तिथे पास केलं की एक स्टोन समोरच्याला कैदी म्हणून द्यायचा आणि शेवटचा पास पांढऱ्याचाच. त्यामुळे दोघांचे स्टोन सारखे खर्च होतात आणि दोन्ही मोजण्यांचं उत्तर एकच येतं. इतका साधा उपाय आणि इतका चोख, मला हा नियम खरंच आवडतो.

२१ जानेवारी

आता मुख्य प्रश्न. मेलेले स्टोन कसे ओळखायचे.

ट्रॉम्प-टेलर नियमांत हा प्रश्नच नाही. दोन पास झाले की बोर्डावर जे आहे ते जिवंत, मेलेलं वाटत असेल तर आधी उचलून दाखवा. सीजीओएस या सर्व्हरवर बॉट एकमेकांशी असंच खेळतात, शेवटपर्यंत साफ करून. पण माणूस तसं खेळत नाही आणि खेळूही नये, कंटाळा येईल.

पहिली पायरी म्हणून डेव्हिड बेन्सन यांचा १९७६ चा अल्गोरिदम घेतला. त्याचा प्रश्न कडक आहे, मी सतत पास करत राहिले आणि समोरचा हव्या तितक्या चाली खेळला तरी हा गट मरणार नाही ना? साखळ्या घ्यायच्या, त्यांनी घेरलेले भाग घ्यायचे. एखाद्या भागातलं प्रत्येक रिकामं घर त्या साखळीची लिबर्टी असेल तर तो भाग त्या साखळीला जीव देणारा. असे दोन भाग नसलेली साखळी काढून टाकायची, काढलेल्या साखळीला टेकलेले भाग काढायचे, मग परत पहिल्यापासून, काही बदलेनासं होईपर्यंत. उरलं ते निःसंशय जिवंत.

लिहायला सोपा आणि सिद्ध केलेला, त्यामुळे याने जिवंत म्हटलं की वाद नाही. पण माणसांच्या डावात तो फार थोड्या गटांना पास करतो. तीस घरांची मोठी टेरिटरी असेल तर मधली घरं कुठल्याच साखळीला टेकलेली नसतात. सरळ चार घरांचा डोळा (डोळा म्हणजे गटाच्या आतली घेरलेली जागा, असे दोन वेगळे झाले की गट मरत नाही) आपण जिवंत धरतो कारण समोरचा मधल्या एका घरात आला की मी मधल्या दुसऱ्या घरात जाते आणि दोन डोळे होतात, पण बेन्सनच्या जगात मी उत्तरच देत नाही. म्हणजे "जिवंत" या शब्दाचे दोन अर्थ आहेत, एक काहीही झालं तरी जिवंत आणि दुसरा मी नीट उत्तर दिलं तर जिवंत, आणि नवीन खेळाडू अडतो तो नेमका या दोघांच्या मध्ये. प्रोग्राम आता दोन वेगळे रंग वापरतो. गडद हिरवा म्हणजे हात लावायची गरज नाही. फिका हिरवा म्हणजे जिवंत आहे पण समोरचा आत आला तर लक्ष दे.

२६ जानेवारी

फिका हिरवा आणायचा तर बेन्सनच्या पलीकडे जावं लागतं. माँटे कार्लो लावलं. शेवटच्या स्थितीपासून दोन्ही बाजूंनी रँडम चाली, फक्त एक बंधन, स्वतःचा एका घराचा डोळा बुजवायचा नाही, आणि कुणालाच चाल उरली नाही की थांबायचं. असे काहीशे डाव करायचे आणि प्रत्येक घर किती वेळा कुणाकडे गेलं ते मोजायचं. ही कल्पना बर्न्ड ब्रुगमान यांनी १९९३ मध्येच गोमध्ये आणली होती, नंतरच्या माँटे कार्लो बॉटची ती आजी म्हणा.

नेहमीच्या डावात हे आश्चर्य वाटावं इतकं चांगलं चालतं. मोठ्या टेरिटरीत एकटा पडलेला स्टोन जवळजवळ दर वेळी मरतो, मजबूत गट दर वेळी जगतो. खेळातलं काहीही न कळणारा प्रोग्राम नुसतं आंधळेपणाने खेळून हे ओळखतो.

उघड्या सीमेचं पण याच टप्प्यात केलं. नवीन खेळाडू एक भोक बुजवायचं राहिलेलं असतानाच पास करतात, मग ती अख्खी टेरिटरी दोन्ही रंगांना टेकते आणि मोजणीत कुणाचीच राहत नाही. मेलेले स्टोन काढल्यावर कुणाचीच नाही अशी एकसलग जागा मोठी दिसली तर प्रोग्राम आता आकडा देत नाही, त्या भोकाशी गोल काढतो आणि लिहितो की सीमा बंद नाही, डाव संपलेला नाही.

३० जानेवारी

सेकी. दोन गट, एकमेकांना चिकटलेले, मध्ये दोन सामायिक लिबर्टी, जो आधी भरेल तो मरेल, म्हणून कुणी भरत नाही आणि दोघं जगतात. रँडम खेळाडूला हे कळत नाही, तो भरतो. मग निम्म्या वेळा काळा मरतो निम्म्या वेळा पांढरा, आणि बोर्डावर तो भाग धूसर दिसतो.

पण हा धूसरपणाच उपयोगाचा आहे. दोन शेजारी गट, दोघांचीही टक्केवारी मध्येच कुठेतरी, आणि दोघांना त्याच त्या सामायिक लिबर्टी, असं दिसलं की तेवढ्यापुरतं नीट शोधायचं, आधी काळ्याने भरून बघ, मग पांढऱ्याने, दोन्हीकडे भरणारा मेला तर सेकी. छोटा शोध असतो, लगेच होतो. जपानी नियमांत सेकीमधल्या गटाची घरं मोजत नाहीत, डोळा असला तरी. चिनीत मोजतात. हिशोब दोन पद्धतींत खऱ्या अर्थाने वेगळा होतो तो इथे.

४ फेब्रुवारी

काटागो जोडलं. डेव्हिड वू यांचं हे इंजिन जपानी, चिनी असे वेगवेगळे नियम सांगून चालवता येतं आणि प्रत्येक घर शेवटी कुणाचं होणार याचा आकडा पण देतं, एका टोकाला पूर्ण काळं, दुसऱ्या टोकाला पूर्ण पांढरं. माझ्या माँटे कार्लोपेक्षा कित्येक पटींनी शहाणं.

मग आधीचं सगळं टाकून द्यायचं का? नाही. काटागो सांगतं की गट मेलेला आहे, का ते नाही सांगत. म्हणून क्रम असा ठेवलाय, आधी बेन्सन, मग रँडम डाव (प्लेआउट) आणि सेकीचा शोध, आणि काटागो शेवटी पडताळणीला. तिघांचं जुळलं तर कारणासकट उत्तर. काटागोचं वेगळं आलं तर त्याचा पुढच्या चालींचा क्रम बोर्डावर खेळून दाखवायचा, म्हणजे बघणाऱ्याला स्वतःला पटेल.

एक नियम स्वतःला घालून घेतलाय, चालू डावावर हा प्रोग्राम चालणार नाही. फाइलमध्ये निकाल नसेल किंवा शेवटी दोन पास नसतील तर तो उघडतच नाही. दुसऱ्याची मदत घेऊन खेळणं सर्व्हरवर मना आहे आणि तसंच असायला पाहिजे, समोर बसलेल्या माणसाने वेळ दिलेला असतो.

९ फेब्रुवारी

नऊच्या बोर्डावर खेळणाऱ्या काही शिकाऊ मंडळींना वापरायला दिला. एकाने लगेच विचारलं, "ताई, मला त्याने माझा कोपरा मेलेला म्हणून मार्क केला आणि मी घाबरून मान्य केलं, तो खरंच मेलेला होता का?" डाव टाकला, कोपरा गडद हिरवा, दोन पक्के डोळे. म्हटलं तुला मान्य करायचं काहीच कारण नव्हतं, अशा वेळी मान्य नाही म्हणायचं, डाव परत चालू होतो, आणि त्याला मारून दाखवू दे. त्याला हा पर्यायच माहीत नव्हता.

म्हणून आज निकालाच्या खाली एक परिच्छेद वाढवला. मतभेद झाला तर खेळ पुन्हा सुरू करणे हा तुमचा हक्क आहे, भांडण नाही. १९८९ च्या जपानी नियमांत तर स्पष्ट लिहिलंय की जो पुन्हा सुरू करायला सांगेल त्याने समोरच्याला आधी चाल द्यायची. केजीएस सर्व्हरवर बॉटसाठी सुद्धा याची वेगळी कमांड आहे, मेलेल्या स्टोनवर एकमत झालं नाही की बॉटने साफसफाईच्या चाली खेळायच्या. यंत्रालाही सोय दिलीय तर माणसाने का संकोच करायचा.

१३ फेब्रुवारी

कोपऱ्यातला वाकडा चार, म्हणजे कोपऱ्यात वळलेला चार घरांचा आकार. ही स्थिती जपानी नियमांत आहे तशीच मेलेली धरतात, प्रत्यक्षात खेळलं तर को होतो आणि को-धमक्यांवर (को परत घेण्याआधी समोरच्याला दुसरीकडे उत्तर द्यायला लावणाऱ्या चाली) निकाल फिरू शकतो, तरीही. कारण १९८९ च्या नियमांत जीवन-मरण तपासताना को परत घ्यायचा तर आधी त्या कोसाठी पास करावा लागतो, बाहेरच्या धमक्या चालतच नाहीत. चिनीत खेळून दाखवावं लागतं, आणि समोरच्याकडे कधीच न संपणारी धमकी शिल्लक असेल तर उत्तर बदलतं. म्हणजे एकच बोर्ड, एकच गट, आणि नियमांवरून तो मेलेला किंवा जिवंत.

आकार ओळखण्याचा कोड लिहिला, आठही दिशांनी फिरवून. सापडला की प्रोग्राम दोन्ही नियमांची उत्तरं शेजारी शेजारी दाखवतो.

१७ फेब्रुवारी

आत्ताची स्थिती. ९, १३ आणि १९ तिन्ही बोर्ड चालतात, टेबलातले सगळे नियम चालतात, एकापेक्षा जास्त सेकी असलेला डाव पण नीट येतो. राहिलंय ते म्हणजे दुहेरी को असलेली सेकी, तिथे माझा छोटा शोध गोल गोल फिरतो आणि सुपरको लावला तर जपानी नियमांचं उत्तर देता येत नाही, त्यामुळे शोधात को-पासचा नियम वेगळा घालावा लागेल. शिवाय मदतीचं पान अजून लांब आहे, शिकाऊ लोक पहिल्या तीन ओळीच वाचतात, तेव्हा टेरिटरीत उत्तर दिल्याने गुण जात नाहीत आणि मान्य नसेल तर खेळ सुरू करा, या दोनच गोष्टी वर ठेवून बाकी खाली ढकलणार. उद्या आधी ते पान, मग दुहेरी को.